करंट अकाउंटची बँक बदलायची? आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा

बँक बदलायचा विचार बहुतेक वेळा रागातून सुरू होतो. महिनाअखेरीला खात्यातून काहीतरी कापलेलं दिसतं, शाखेत विचारायला गेलं की "सिस्टीमने कापलंय" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेचा एक्झिक्युटिव्ह दुकानात येऊन "सर, झिरो बॅलन्स, सगळं फ्री" म्हणत फॉर्म पुढे सरकवतो. सही करायला हात शिवशिवतात. ती सही चार दिवस लांबणीवर टाका आणि तेवढ्या वेळात खाली सांगितलेला हिशेब करा.

हा लेख दुकान, वर्कशॉप, छोटी एजन्सी किंवा स्वतःची प्रॅक्टिस नव्याने सुरू केलेल्यांसाठी आहे. छोट्या व्यापाऱ्यांची हिशेबाची कामं पाहताना माझं एक मत पक्कं झालं आहे: बँक खरोखर बदलावी लागते अशा वेळा थोड्या, पण दुसऱ्या बँकेत एक जोडखातं असायला हवं होतं अशा वेळा पुष्कळ. त्यामुळे "बदलू की नको" हा प्रश्न एका दिवसात सोडवायचा नसतो. आधी मोजायचं, मग दुसरं खातं उघडायचं, काही महिने दोन्ही चालवायची आणि जुनं बंद करायचं की नाही ते त्यानंतर ठरवायचं.

एवढी सावधगिरी का, तर आपल्याकडे मोबाइलसारखा नंबर तोच ठेवून बँक बदलता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये बँकांना खाते क्रमांक पोर्टेबिलिटीचा विचार करायला सांगितलं होतं, पण अशी सोय अजून आलेली नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१३ पासून अशी व्यवस्था आहे. सात कामाच्या दिवसांत खातं नव्या बँकेत जातं आणि जुन्या खात्यावर येणारे पैसे आपोआप नव्याकडे वळतात. इथे वळवायचं काम तुम्हालाच करायचं आहे, एकेका ग्राहकाला आणि एकेका पोर्टलला सांगून.

तक्रार बँकेची, शाखेची की खात्याच्या प्रकाराची?

हा प्रश्न पहिला, कारण तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

शाखेतला माणूस नीट बोलत नाही, पार्किंग नाही, कॅश काउंटरवर तासभर जातो, ही शाखेची तक्रार झाली. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत खातं हलवता येतं. कोअर बँकिंगमुळे खाते क्रमांक सहसा तोच राहतो, फक्त आयएफएससी बदलतो. एका अर्जाचं काम.

चार्जेस जास्त लागतात ही तक्रार बहुतेक वेळा खात्याच्या प्रकाराची असते. प्रत्येक बँकेत करंट अकाउंटचे चार-सहा प्रकार असतात. कमी शिल्लक मागणाऱ्या खात्यावर मोफत व्यवहार कमी, जास्त शिल्लक मागणाऱ्यावर मोफत व्यवहार जास्त. खातं उघडताना कमीत कमी शिल्लक बघून आपण सगळ्यात खालचा प्रकार घेतो. दोन वर्षांत धंदा वाढतो, खातं मात्र तेच राहतं. शाखेत जाऊन "मला खात्याचा प्रकार बदलायचाय, सगळ्या प्रकारांचं शेड्यूल ऑफ चार्जेस द्या" एवढं सांगितलं तर नंबर न बदलता निम्मे प्रश्न सुटतात. हे शाखेतून आपणहून कोणी सांगत नाही, कारण त्यांना टार्गेट नव्या खात्यांचं असतं.

ॲप वारंवार बंद पडतं, कर्ज मिळत नाही, परदेशी पेमेंट जमत नाही, बँकेच्या तब्येतीबद्दलच शंका आहे, या मात्र बँकेच्या तक्रारी. बदलण्याचा विचार इथून पुढे.

आता पेन घ्या

गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्या. तुमचा सीझन त्यात येत नसेल तर सीझनचा एक महिना वेगळा काढा, म्हणजे कापडवाल्याने दिवाळीचा, खतं-बियाणांवाल्याने जूनचा. बँकेने स्वतःसाठी कापलेली प्रत्येक ओळ हायलाइट करा: कॅश भरणा, किमान शिल्लक, चेकबुक, एसएमएस, शाखेतून केलेलं आरटीजीएस, परत गेलेले चेक, डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क, स्वाइप मशीनचं भाडं.

प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा दिसेल. तुमची जीएसटी नोंदणी नियमित असेल तर बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदलेला आहे का ते आजच तपासा. नोंदलेला असेल तर या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळू शकतं, नसेल तर तेवढे पैसे दरमहा सोडून दिले म्हणायचे. खूप जणांचा नंबर बँकेकडे नसतोच, कारण खातं आधी उघडलेलं असतं आणि जीएसटी नंतर काढलेला असतो.

बचत खात्याची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट चकवते. ऑनलाइन एनईएफटी मोफत असावी ही रिझर्व्ह बँकेची जानेवारी २०२० पासूनची सक्ती बचत खात्यांसाठी आहे. करंट अकाउंटवर बँक शुल्क घेऊ शकते. अनेक बँका ऑनलाइनला घेत नाहीत, पण गृहीत धरू नका. करंट अकाउंटवर व्याज कुठल्याही बँकेत मिळत नाही, त्यामुळे त्या आघाडीवर तुलना करायला काही नाही.

आता हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणावर बघू. समजा, तुमच्या दुकानातून रोज २५,००० रुपये रोख बँकेत जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर भरणा झाला साडेसहा लाख. तुमच्या खात्याला किमान सरासरी शिल्लक १०,००० लागते, दोन लाखांपर्यंत भरणा मोफत आहे आणि पुढे हजाराला ४ रुपये पडतात. साडेचार लाखांवर झाले १,८०० रुपये, वर जीएसटी ३२४. म्हणजे महिन्याला २,१२४.

दुसरा प्रकार एक लाख सरासरी शिल्लक मागतो आणि दहा लाखांपर्यंत भरणा मोफत देतो. इथे चार्ज शून्य दिसतो, पण ९०,००० रुपये जास्तीचे अडकून पडले. तुम्ही कॅश क्रेडिटवर (धंद्यासाठी लागेल तशी उचलायच्या कर्जावर) १० टक्के व्याज भरत असाल तर या अडकलेल्या पैशांची किंमत वर्षाला ९,०००, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. ३२४ चं क्रेडिट मिळतं असं धरलं तरी तुलना १,८०० विरुद्ध ७५० अशी उरते. या दुकानाने वरचा प्रकार घ्यावा आणि तो सध्याच्याच बँकेत मिळत असेल तर कुठेही जाऊ नये. रोजचा भरणा आठ हजारांचा असता तर उत्तर उलटं आलं असतं. महिन्याला दोन लाख आठ हजार, चार्ज बत्तीस रुपये. त्यासाठी नव्वद हजार कोण अडकवेल?

आकडे तुमचे घाला. क्यूआर कोडमुळे अनेक दुकानांत रोख विक्री बरीच कमी झाली आहे. चार वर्षांपूर्वी मोफत भरण्याची मर्यादा बघून घेतलेलं महागडं खातं आज विनाकारण चालू असू शकतं.

सरासरी शिल्लक म्हणजे रोज तेवढी रक्कम ठेवणं, असा एक गैरसमज आहे. दिवसाअखेरच्या शिलकींची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात. १०,००० ची सरासरी हवी तर तीस दिवसांची बेरीज तीन लाख व्हायला हवी. एक लाख रुपये खात्यात तीन रात्री मुक्कामाला राहिले तरी महिन्याची अट पुरी होते. सकाळी आलेला मोठा चेक संध्याकाळच्या आत सप्लायरला गेला, तर मात्र त्याचा सरासरीला काही उपयोग नाही.

कर्ज असेल तर वेगळ्या दाराने जा

तुमचं सीसी (कॅश क्रेडिट) किंवा ओडी (ओव्हरड्राफ्ट) चालू असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी हे वाचा. कर्ज घेतलेल्यांनी भलत्याच बँकेत करंट अकाउंट उघडून विक्रीचे पैसे तिकडे वळवू नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये परिपत्रक काढलं. त्यातल्या मर्यादा नंतर बदलत गेल्या. छोट्या कर्जदारांवर फारसं बंधन नाही, तरी नवी बँक "तुमची कर्जं कुठे, किती" याचं लेखी घोषणापत्र मागेल. ते खरं भरा. आणि कर्ज देणाऱ्या बँकेला न सांगता उलाढाल हलवू नका. सीसीच्या नूतनीकरणाला मॅनेजर पहिल्यांदा खात्यातून फिरलेला पैसाच बघतो. येत्या सहा महिन्यांत नूतनीकरण किंवा नवं कर्ज व्हायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: आत्ता हलू नका.

कर्जासकट जायचं तर त्याला टेकओव्हर म्हणतात. नवी बँक जुन्या बँकेचं कर्ज फेडते, गहाण कागद तिच्याकडे जातात, प्रोसेसिंग फी आणि गहाणखताचा खर्च पुन्हा होतो. एक चांगला बदल झालाय. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर, व्यक्ती किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाने धंद्यासाठी घेतलेली असली तरी, व्यापारी बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका आणि बऱ्याच सहकारी बँकांसाठी नियम वेगळे आहेत, म्हणून मंजुरीपत्रातलं दंडाचं कलम वाचूनच बोलणी करा. दर पाव टक्क्याने कमी मिळतोय एवढ्यासाठी टेकओव्हरला निघालात, तर पहिल्या वर्षाची बचत खर्चातच जायची.

पैसे सुरक्षित आहेत का, हा प्रश्न

महाराष्ट्रात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेचे खातेदार २०१३ पासून अडकले होते आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

ठेव विम्याचं संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचं आहे आणि ते करंट अकाउंटलाही लागू होतं. पण प्रोप्रायटरशिप असेल तर त्याच बँकेतलं तुमचं बचत खातं, एफडी आणि फर्मचं करंट अकाउंट सगळं मिळून पाच लाख. भागीदारी फर्म किंवा कंपनी वेगळी धरली जाते. बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे साधारण ९० दिवसांत मिळावेत, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. बचत खातेदाराला तीन महिने कळ काढता येईल, पण कामगारांचे पगार आणि सप्लायरचे चेक तोंडावर असलेल्या माणसाला तीन महिने म्हणजे धंदा बसणं.

म्हणून अर्बन, म्हणजे नागरी सहकारी, बँकेतून पळा, असं मी म्हणणार नाही. गावातली चांगली अर्बन बँक तुम्हाला ओळखते, कर्जाचा निर्णय तिथेच होतो, आणि नवख्याला हे मोलाचं असतं. तिथलं खातं ठेवा, फक्त सगळी रोकड एकाच बँकेत ठेवू नका.

दुसऱ्या खात्याचं हल्ली आणखी एक कारण आहे. सायबर फसवणुकीचा पैसा चार खात्यांतून फिरून एखाद्या ग्राहकाच्या यूपीआयने तुमच्याकडे आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम किंवा कधी सगळं खातंच रोखून धरते. तुमचा दोष नसतो, तरी सुटका व्हायला वेळ लागतो. बँक बदलून यावर उपाय होत नाही, कोणतीही बँक हेच करेल. वेगळ्या बँकेत चालू खातं असेल तर दुकान मात्र बंद पडत नाही.

नवं खातं उघडताना

प्रोप्रायटरला स्वतःचं पॅन, आधार आणि धंदा चालू असल्याचे दोन पुरावे लागतात. उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्ट म्हणजे गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र यांतले कुठलेही दोन बहुधा पुरतात. सगळ्या कागदांवर फर्मचं नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकीकडे "एंटरप्रायझेस" आणि दुसरीकडे "एंटरप्राइज" असेल तर फाइल परत येते. भागीदारीला करारपत्र आणि फर्मचं पॅन, कंपनीला संचालक मंडळाचा ठराव. रबर स्टॅम्प बरोबर न्या. प्रोप्रायटरने नामनिर्देशन जरूर करावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

घरी येऊन फॉर्म भरून घेणाऱ्याने जे जे "फ्री" सांगितलं ते ईमेलवर मागा, त्याच्या व्हॉट्सॲपवर नको. किती महिने फ्री, त्यानंतर काय, आणि वर्षाच्या आत खातं बंद केलं तर किती कापणार, एवढं त्यात असू द्या. खात्याबरोबर विमा पॉलिसी घ्यावीच लागते असं कोणी म्हणालं तर तसा नियम नाही, हे शांतपणे सांगा.

वेळेबद्दल थोडं. मार्चमध्ये बँकेत कोणाला फुरसत नसते आणि सीझनमध्ये तुम्हाला. फेब्रुवारीत खातं उघडून एप्रिलपासून उलाढाल वळवली तर आर्थिक वर्षाच्या रेषेवर दोन खाती वेगळी होतात आणि तुमचा सीए दुवा देतो.

हलवण्याचा क्रम

आधी येणारा पैसा हलवा, मग जाणारा. उलटं केलं की नव्या खात्यातून हप्ता कापायला आलेला असतो आणि पैसे जुन्या खात्यात बसलेले असतात.

येणारा पैसा म्हणजे क्यूआर, स्वाइप मशीन, ऑनलाइन विक्रीचे प्लॅटफॉर्म आणि ठरलेली गिऱ्हाइकं. पेमेंट ॲपचा साउंडबॉक्स असेल तर ॲपमध्ये सेटलमेंटचं खातं बदललं की क्यूआर तोच राहतो. क्यूआर बँकेने दिलेला असेल तर तो तिच्या खात्याशी बांधलेला असतो, स्टिकर बदलावं लागतं. काउंटरवरचं जुनं स्टिकर काढून टाका, नुसतं शेजारी नवं लावू नका. बिलबुकावर आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये छापलेले बँक तपशील हमखास विसरतात. मोठ्या ग्राहक कंपन्यांना लेटरहेडवर पत्र आणि कॅन्सल चेक द्या आणि त्यांच्या अकाउंट्स विभागाला फोन करून खात्री करायला आपणच सांगा. बँक बदलल्याचे खोटे ईमेल पाठवून पैसे लाटण्याचे प्रकार चालतात, त्यामुळे नुसत्या ईमेलवर चांगली कंपनी खातं बदलणारही नाही.

सरकारी नोंदी पुढच्या. जीएसटी पोर्टलवर नॉन-कोअर दुरुस्तीमध्ये नवं खातं जोडा. एकाहून जास्त खाती चालतात, म्हणून जुनं लगेच काढायची घाई नको. प्राप्तिकराच्या पोर्टलवर नवं खातं प्रीव्हॅलिडेट करून परताव्यासाठी निवडा. उद्यम नोंदणीत बँक तपशील बदला. निर्यात करत असाल तर आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) आणि कस्टम्समधला एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा कोड) ही स्वतंत्र आणि वेळखाऊ कामं आहेत, ती झाल्याशिवाय माल बंदरावर पाठवू नका.

जाणाऱ्या पैशांत कर्जाचे हप्ते सगळ्यात नाजूक. नवं नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) नोंदून पहिला हप्ता नव्या खात्यातून प्रत्यक्ष कापला जाईपर्यंत जुन्या खात्यात एक हप्ता राखून ठेवा. हप्ता बाउन्स झाला तर दोन्हीकडून दंड आणि सिबिलवर डाग. महावितरणचं बिल, विम्याचे प्रीमियम, सॉफ्टवेअरची वर्गणी हे वर्षातून एकदाच कापलं जाणारंही शोधा. त्यासाठी बारा महिन्यांचं स्टेटमेंट चाळावं लागतं, तीन महिन्यांत ते दिसत नाही.

चेक, आणि मगच बंद करण्याचा अर्ज

जुन्या खात्यावरचे कुठले चेक बाजारात आहेत त्याची यादी करा. साधा चेक तारखेपासून तीन महिने वैध असतो. खरी भानगड पुढच्या तारखेच्या चेकची आहे. सप्लायरला, जागामालकाला, फायनान्सवाल्याला दिलेले असे चेक परत घेऊन नवे द्या आणि परत घेतल्याची पोच ठेवा. "खातंच बंद आहे, आता चेक वटणार कसा?" असं म्हणून सुटता येत नाही. "अकाउंट क्लोज्ड" म्हणून परत आलेल्या चेकलाही चेक बाउन्सचं कलम १३८ लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दोन्ही खाती निदान एक तिमाही बरोबर चालवा. जुन्यावर चुकून येणारे पैसे आटले की ठरवा. खालच्या प्रकारात बदलून जोडखातं म्हणून ठेवायचं असेल तर किमान शिलकीचा खर्च परवडतो का बघा आणि अधूनमधून व्यवहार करा. दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं. नुसतं सोडून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण निष्क्रिय ठरेपर्यंत किमान शिलकीचा दंड बसतच राहतो.

बंद करायचं ठरलं तर आधी पूर्ण स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून घ्या, खातं बंद झालं की नेट बँकिंगही बंद. जीएसटीसाठी हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, म्हणून खातं जितकं जुनं तितकं मागे जा. मग उरलेले चेक आणि डेबिट कार्ड जमा करा, अर्जावर सगळ्या अधिकृत सह्या करा, शिल्लक नव्या खात्यात मागवा. कर्ज होतं तर बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र) आणि गहाण कागद हातात घ्या. खातं बंद झाल्याचं पत्र शिक्क्यासह मागा. अर्ज देऊनही शाखा टाळाटाळ करत असेल तर लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.